भाजणीची उकड

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आम्ही पाच मैत्रिणी फराळाचे डबे घेऊन कोल्हापुरातल्या एका शुश्रूषागृहात गेलो. अर्धांगवायू झालेली पंधरा-वीस माणसं तिथं राहतात. माझे वडीलही तिथं सात महिने होते. मलकापूरच्या पुढं आमचं गाव. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. शेवटच्या वर्षाची परीक्षा मी सोडणारच होते, पण तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "तू पेपर दे, बाबांचं आम्ही बघतो." म्हणून मी पदवीधर झाले. तेव्हापासून दर दिवाळीला तिथं जाते.

तिथं एक आजोबा आहेत, पूर्वीचे गवंडी. झटक्यानंतर त्यांना नीट गिळता येत नाही. सगळं मऊ करून चमच्यानं भरवावं लागतं. आदल्या दिवाळीला पंगत बसली तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. "लोकांनी खायाचं आन् मी बघत बसायचं व्हय?" मी तेव्हाच त्यांना शब्द दिला होता, पुढच्या पाडव्याला तुम्ही पंगतीत बसून फराळ खाणार.

आणि मी नेलं काय, तर आईच्या चकल्या. आमच्या घरी चकली मोडल्याचा आवाज शेजारी गेला, तरच ती जमली म्हणायचं. सिस्टरांनी एक मोडली आणि आजोबांपुढचा डबा बंद केला. "बाकीच्यांना द्या. यांच्या घशात तुकडा अडकला तर?"

नवा सदरा घालून आजोबा व्हीलचेअरवर बसले होते. झाकण लागलेलं त्यांनी पाहिलं.

"मला आत न्या," ते म्हणाले.

"अर्धा तास थांबा, आजोबा. शब्द दिलाय मी."

मी आईला फोन लावला. सगळं ऐकल्यावर ती कडाडली, "बी.ए. झालीस आन् गिळता न येणाऱ्या माणसाला चकली न्हेलीस? तुझ्या आज्जीचे दात पडल्यावर मी काय द्यायची? भाजणीची उकड! ताकात शिजव. लोणी घाल, तिखट घाल. चवीला चकलीच की ती!"

एक मैत्रीण स्कूटर घेऊन शिवाजी पेठेतल्या आपल्या मावशीकडं गेली आणि वाटीभर भाजणी घेऊन आली. मी स्वयंपाकघरात पातेलं चढवलं. पहिल्या उकडीत गुठळ्या झाल्या. सिस्टरांनी मान हलवली. दुसरी पातळ झाली.

"पातळानंही ठसका लागतो यांना," त्या म्हणाल्या.

मी पातेलं घासलं आणि पुन्हा चढवलं. अख्खे तीळ चालणार नव्हते, पण तिळाशिवाय चकली कसली? भाजून, मिक्सरला अगदी बारीक वाटून घातले. उकड चाळणीतून घासून काढली. चमचा कलता केल्यावर ती सावकाश, एका गोळ्यात खाली आली.

"आता चालेल," सिस्टर म्हणाल्या.

बाहेर आले तर पंगतीत कुणीच खायला सुरुवात केली नव्हती. पलीकडच्या आजी म्हणाल्या, "आगं लवकर भरव की त्यास्नी! पोटात कावळं वरडाय लागलेत आमच्या."

आजोबांना ताठ बसवलं. मी अर्धाच चमचा दिला. सिस्टरांची बोटं त्यांच्या गळ्यावर होती. बराच वेळ काही झालं नाही. मग कंठमणी वर गेला आणि खाली आला.

"आजोबा, 'आ' म्हणा बघू," सिस्टर म्हणाल्या. घशात काही राहिलं असेल तर आवाज घरघरतो.

आजोबांनी माझ्याकडं पाहिलं. "तिखट कमी हाय," ते म्हणाले.

सिस्टरांनी गळ्यावरचा हात काढला. "आवाज स्वच्छ आहे. द्या अजून."

मी दुसरा चमचा भरला.