बारवेला लावलेला चुना
भिजवलेल्या चुन्याचा वास आला की मला आमच्या त्र्यंबकेश्वरकडच्या गावातली जुनी दगडी बारव आठवते. मी तेव्हा सरपंच होते. बारवेची एक भिंत पोट काढून उभी होती, आणि बायका पाण्यासाठी तिच्याच खालून उतरायच्या. दुरुस्तीच्या सरकारी अनुदानासाठी प्रस्ताव पाठवला, तर पाहणीला साहेब येणार असा निरोप आला. आता पाहुणा येणार म्हटल्यावर आम्ही बायकांनी काय करावं? दोन दिवस खपून सगळी बारव चुन्यानं पांढरीशुभ्र केली! साहेब पायरीवरच थबकले. "बाई, मूळ दगड दिसल्याशिवाय प्रस्ताव पुढे जायचा नाही." मी म्हटलं, "आत्ता खरवडते की!" तर म्हणे, "हात लावू नका, त्याला परवानगी लागते." "मग ती कधी मिळंल?" "प्रस्ताव मंजूर झाल्यावर." माझी जाऊ मागून म्हणाली, "घ्या सरपंचीणबाई, लय उजेड पाडला!" सगळ्या हसल्या आणि हंडे घेऊन त्याच भिंतीखालून उतरल्या. मी काठावर उभी राहून, वर येणारं एकेक डोकं मोजत राहिले. मंजुरी आलीच नाही. गावात नळ येईपर्यंत रोज सकाळी मी तिथंच उभी असायचे. भिंत पडली नाही. पडली असती तर खाली सापडलेल्या बाईच्या घरी जाऊन काय बोलले असते, ते मला आजही सुचत नाही.