डाव्या बटणाचं शून्य

भाऊरावच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि मॅनेजरसाहेबांचा निकाल तयार होता: चूक ऑपरेटरची. माझ्याकडून त्यांना फक्त मेंटेनन्सची सही हवी होती. सही झाली की भाऊरावची नोकरी गेली.

हिंगण्यातल्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबायची प्रेस मशीन आहे. तिला दोन बटणं. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच मशीन खाली येते, म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहतात. मशीनच्या कंट्रोल बोर्डावरचा छोटासा प्रोग्राम दाबलेल्या बटणाला एक समजतो, सोडलेल्याला शून्य. दोन्हीकडून एक आला तरच मशीन चालवायची, याला अँड म्हणतात. पण टार्गेटच्या घाईत आमचे लोक डावं बटण सायकलच्या ट्यूबने दाबून बांधून टाकतात. सगळ्या शिफ्टचे. मॅनेजरसाहेबांनाही ते माहीत होतं.

भाऊराव खाप्याहून येणारा, जुना माणूस. दवाखान्यात मला म्हणाला, "बांधत होतो साहेब, खोटं काहून बोलू? पण त्या दिवशी सोडलं होतं. सेफ्टीची मीटिंग झाली होती ना." वाकडा पत्रा सरळ करायला त्यानं डावा हात आत घातला आणि उजवा कोपर उजव्या बटणाला लागला. डावं बटण मोकळं असेल तर मशीन खाली यायलाच नको. कोणी विश्वास ठेवला नाही. खरं सांगतो, मीही नाही.

तरी सहीला हात जाईना. मी मूळचा वायरमन. बोर्ड पाहणारा इंजिनीअर पुण्याला गेला, नवा कोणी आला नाही, आणि या वयात मला सांगण्यात आलं, तुम्हीच शिकून घ्या. विचारायचं कोणाला? बायको गेल्यापासून जेवायचं टेबल रिकामंच होतं. तिथे वायरी आणि चिमुकले दिवे मांडून मी एक आणि शून्य गिरवत बसायचो. दिवा बरोबर पेटला की लहान पोरासारखा आनंद व्हायचा, आणि दाखवायला घरात कोणी नसायचं. फार एकटं वाटायचं तेव्हा.

रविवारी दुपारी प्रेसचा बोर्ड बटणांसकट घरी आणून त्याच टेबलावर ठेवला. प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. बरोबर होता. मग डाव्या बटणाची तार बोर्डाला जिथे लागते ती पिन मीटरने पाहिली. दाबलं, एक. सोडलं, शून्य. जरा वेळानं पाहतो तर न दाबताच एक. कारखान्यासारखी मोटर जवळ असावी म्हणून स्वयंपाकघरातला मिक्सर चालू केला, पुन्हा एक.

सोडलेली पिन आपोआप शून्य होत नाही. तिला शून्यावर धरून ठेवायला एक बारकासा रेझिस्टर लागतो. तो नसला की पिन अधांतरी राहते आणि जवळच्या मोटरच्या गडबडीनं मनाला येईल ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी तो रेझिस्टर जळाला होता आणि मीच काढून फेकला होता. मशीन चालून राहिली ना बाप्पा, मग हा कशाले पाहिजे, असा माझा हिशेब. आणि कोणाला कळलंही नाही, कारण बटण कायम बांधलेलं. शून्य कोणाला लागलंच नव्हतं.

सोमवारी रिपोर्टमध्ये हे सगळं माझ्या नावासकट लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी तो दोनदा वाचला. "रिटायरमेंटला चार वर्षं राहिली तुमची. कशाला अंगावर घेता?"

"माझंच आहे ते," मी म्हटलं.

मला मेमो मिळाला, भाऊरावची नोकरी राहिली. मी नवा रेझिस्टर टाकला आणि प्रोग्रामही बदलला. आता प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटणं सोडावीच लागतात, त्यामुळे बांधून उपयोग नाही. टार्गेट घसरलं. कँटीनमध्ये माझ्या शेजारी कोणी बसत नाही.

भाऊरावची माफी मागायला खाप्याला गेलो. तो रागावला नाही, तेच जास्त लागलं.

"बांधलेलं असतं त मी सावध राह्यलो असतो साहेब," तो म्हणाला. "त्या दिवशी मशीनवर भरोसा ठेवला."

तेव्हापासून कुठलाही बोर्ड दुरुस्त केला की मी आधी न दाबलेलं बटण तपासतो. मशीन चालू होते का, हे सगळेच पाहतात. बंद राहते का, हे पाहायला कोणी येत नाही.