निशाची दुसरी चक्की

रस्त्याखालच्या मोरीपाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "अगो, जरा हळू चाल, मला धाप लागते." निशा थांबली, पण उभी राहूनही तिचे पाय थांबले नव्हते. ती जागच्या जागी चुळबुळत होती.

तुडीलला दुपारची एसटी आलीच नव्हती. मी नणंदेच्या नातवाच्या बारशाला गेले होते, ती माहेरी आईला बघायला. थांब्यावर गाठ पडली. खूप वेळ वाट पाहिल्यावर तीच म्हणाली, "चला वैनी, मोठ्या रस्त्यापर्यंत चालू. बसून बसून माझं डोकं फिरतंय." महाडात आमची गल्ली एकच, चवदार तळ्याच्या मागची. गल्लीच्या तोंडाशी निशाची पिठाची गिरणी, आत आमचं घर.

भात लोंब्यांनी वाकलं होतं. सावित्रीचं पाणी अजून गढूळच होतं. निशाचं लक्ष कशाकडेच नव्हतं. चार पावलं पुढे जायची, वळायची आणि विचारायची, "मग सर म्हणतात ते खरं का खोटं?"

सर म्हणजे राजेंद्र सर. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. रविवारी स्कूटरवर गव्हाचा डबा घेऊन येतात आणि दळण झालं तरी हलत नाहीत. त्यांनाच काय म्हणा, निशाच्या गिरणीतून कोणीच लवकर हलत नाही, मीसुद्धा. चक्की चालू असली की ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्याला वाटतं आत भांडण जुंपलंय. आत चाललेलं असतं टोमॅटोच्या भावाचं. कंपनीत मुलं कायम का होत नाहीत, सगळे मुंबईला गेल्यावर इथली शेती कोण करणार, इंग्रजी शाळेत घातलेलं पोर घरी आजीशी कुठल्या भाषेत बोलणार, असं काहीही. एकदा सर म्हणाले, सरकारने फुकट वाटू नये, लोकांची सवय बिघडते. कोपऱ्यात बसलेल्या बनुबाई म्हणाल्या, "सर, तुमची कशानं बिघडली नाय ती? पगार दर महिन्याला येतो म्हणून?" सरसुद्धा हसले.

निशाला कुठलीही एक बाजू पुरत नाही. सरांशी बनुबाईंच्या बाजूने भांडते, बनुबाईंशी सरांच्या. आणि बोलण्याच्या नादात हात कुठे चाललाय ते विसरते. बाहेरच्या लोकांना कंपनीत घ्यावं की नाही यावर वाद रंगला होता, तेव्हा तिने बनुबाईंचे तांदूळ दुसऱ्या कोणाच्या गव्हात ओतले. बनुबाई पीठ चिमटीत धरून म्हणाल्या, "आता ह्याची भाकरी करू का चपाती? का तुझ्या बोलण्यासारखं मधलंच कायतरी करू?" निशाने दोघींनाही आपल्या घरचं धान्य दळून दिलं. गल्लीत मात्र ती गोष्ट राहिली.

गिरणी आधी कोंडाजीकाकांची. निशा त्यांच्याकडे कामाला होती. काका मुलाकडे पनवेलला गेले आणि गिरणी तिने चालवायला घेतली. गिऱ्हाईक तुटलं नाही. गहू, तांदूळ, नाचणी, सगळं पहिल्यासारखं येत राहिलं. फक्त उपवासाचं दळण येईना. राजगिरा, वरी, शिंगाडा सगळा बाजारपेठेतल्या गिरणीत जायला लागला. आमच्या गल्लीत नवरात्राआधी सगळ्यांचे डबे एकाच रिक्षात घालतात आणि कोणीतरी एक जण दळून आणतं. त्यात माझाही डबा असतो. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणालाच सांगता येणार नाही. निशा तुडीलच्या बौद्धवाडीतली, हे काही कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

तिनेच विचारलं होतं, भर गिरणीत. कोणीतरी म्हणालं, "तसं काही नाही गं. एकच चक्की आहे ना तुझी, कणकेचा अंश राहतो. उपवासाला चालत नाही." वर आणखी कोणीतरी तांदूळ-गव्हाची आठवण काढली. सगळ्या हसल्या. निशापण हसली.

"कोंडाजीकाकांची बी एकच चक्की व्हती," चालता चालता ती मला म्हणाली. "ते आदल्या दिवशी दगड साफ करायचे. करायची मीच. पन मी काय बोलले नाय. म्हटलं, कारण दिलंय ना, मग कारणावर काम करायचं."

म्हणून तिने दुसरी चक्की आणली. फक्त उपवासाच्या दळणाची. भिंतीला वेगळी जागा केली, वेगळी पिशवी, वेगळं फडकं. नवरा, विपुल, कंपनीतून पाळी करून आला की डोक्याला हात लावायचा. सरांनी मात्र शाबासकी दिली. म्हणाले, "निशाताई, बाजाराला जात नसते. लोकांना हवं ते द्या, लोक येतात." ती चक्की आणून महिना झाला. तिच्यावर चादर आहे. घटस्थापना चार दिवसांवर आली आहे.

"सांगा ना वैनी. सर म्हणतात ते खरं का खोटं?"

"मला अर्थशास्त्र काय कळतं," मी म्हटलं.

"मला तरी कुठं कळतंय! बाजाराला जात नसंल. डब्याला असती का, ते मला बघायचंय. कणकेचंच कारण असंल तर आता डबे येतील. मग मी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेईन, की बायकांवर उगाच संशय घेतला. आनंदानं मारीन. आणि नाय आले..." ती थांबली. मग चिडून हसली. "मार्चमध्ये तळ्यावर एवढी मानसं येतात. पान्याचं झालं, वैनी. पिठाचं ऱ्हायलंय."

मागून सहा आसनी मिनीडोर आली. निशाने हात केला. आत माणसं कोंबलेली होती, ती न थांबता गेली. आम्ही धुळीतून पुन्हा चालायला लागलो.

देवीच्या नऊ दिवसांत मी पायात चप्पल घालत नाही, दोन्ही वेळा दिवा लावते, आणि गल्लीतल्या बायकांचं भजन माझ्याच घरी असतं. तेवढं सोडून मी कशात नसते. चालता चालता मनात आलं, देवीला राजगिऱ्याची भाकरी दाखवताना तिचं पीठ दळलं कुठे हे मी कधी सांगितलं नव्हतं, आणि देवीनेही कधी विचारलं नव्हतं.

"तुला झोप येत नाही वाटतं," मी म्हटलं.

"विपुल म्हनतो, ती चक्की विकून टाक नायतर मला विक."

मोठा रस्ता दिसायला लागला. ट्रकचे आवाज येऊ लागले. एवढा वेळ वाट कापायला धावणारी निशा आता मागे पडली. मी वळून पाहिलं तर ती रस्त्याच्या कडेला उभी होती.

"एक मागू का?" ती म्हणाली.

"माग ना."

"घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तुमचा डबा रिक्षात देऊ नका. माझ्याकडं आना. पन तिन्हीसांजेला, पदराखालून नको. सकाळी या, सगळ्या दारात असतात तेव्हा. कोनी इचारलं, वैनी कुठं, तर सांगा, मोठ्यानं सांगा. आन् डबा ठेवून घरी जाऊ नका. दळन होईस्तोवर बसा. रोज बसता तशा, बोलत."

ती माझ्याकडे बघत होती. समोरून महाडची गाडी येत होती, पण तिने हात केला नाही.