कंपनीची एक, पुंगळीची एक

लाकडाच्या धंद्यात भुसा आणि किस्से सारखेच. कितीही झटकून घरी जा, बंडीच्या खिशातून निघतातच. माझी शाळा चौथीत सुटली. लिहिण्याच्या वाटेला मी कधी गेलो नाही. पण हल्ली वखारीत चहाला जमणारी माणसं माझेच किस्से मला चुकीचे सांगायला लागलीत! म्हणून खरं काय ते सांगतो. हसायचं तिथं हसा. मी तेव्हा हसत नव्हतो.

आम्ही तिघं. रहिमतपूरच्या एका वखारीसाठी झाडं पाडायचो. मी वयानं मोठा, सगळे अण्णा म्हणतात. हणमंत फौजेतून पेन्शनीवर आलेला, झाड कापायची मशीन तो चालवायचा. तिसरा सदा मिस्त्री. पंपाचं, गाडीचं, फवारणीचं, कुठलंही इंजिन उघडायचा. पुन्हा बसवल्यावर त्याच्या हातात दोन नट शिल्लक राहायचेच.

"हे कुठलं रं?" मी विचारायचो.

"जादाचं हाय," सदा म्हणायचा.

हणमंत कामावर आला त्या दिवशी त्याची बायको वखारीत आली होती. मला म्हणाली, "अण्णा, फौजेतनं धड परत आलंय माणूस. झाडाखाली घालवू नगा."

"रोज संध्याकाळी तुझ्या दारात उभा करीन," मी म्हणालो.

शब्द दिला. पुढचं सगळं या शब्दाच्या ओझ्याखाली घडलंय, एवढं ध्यानात ठेवा.

*

सदानं पहिल्यांदा जी मशीन बनवली ती कंपनीची नव्हतीच. भंगारातल्या मोपेडचं इंजिन, त्याला लांब पट्टी, पट्टीवर चेन. उचलायला दोन माणसं लागायची. सदा म्हणाला, "कंपनीच्या मशीनला हिच्यापुढं पानी भरायला लावतो!"

वखारीच्या आवारात सुरू केली. सुरू झाली. पण बंद करायचं बटणच बसवायचं राहिलं होतं.

हणमंतानं आणि सदानं घाबरून ती खाली टाकली. चेन मातीत रुतली आणि मशीन आवारभर सरपटायला लागली. वखारीचा मालक लाकडाच्या थप्पीवर चढला. मी दारात होतो, तिथंच राहिलो.

"हवा बंद करा हिची! हवा बंद केली की मरतीया!" सदा ओरडत होता. शेवटी त्यानंच डोक्यावरची टोपी काढून इंजिनाच्या नरड्यात कोंबली. इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं.

थप्पीवरून मालक म्हणाला, "सदा, बटणाचं काय?"

"तेवढंच राहिलंय, मालक!"

*

त्यानंतर मालकानं कंपनीची मशीन आणली. एकासारखी एक, अशा दोन. हातात बसणारी, ब्रेकवाली. पुढचा दांडा मनगटानं नुसता ढकलला की चेन जागच्या जागी थांबायची. मला ती आवडली. मशीन माणसाला भिऊन असावी.

सदाला करमेना. त्यातली एक त्यानं रविवारी उघडली. सायलेन्सर काढून तिथं नुसती पुंगळी बसवली. आत काय काय घासलं ते त्यालाच ठाऊक. चेनच्या दातांपुढचे खुंट कानशीनं उतरवले, म्हणजे दात मोठा घास घेणार. आणि ब्रेकचा दांडा सारखा हाताला लागतो म्हणून काढून टाकला.

सोमवारी दोन्हींचा मुकाबला लावला. बाभळीचं एकच खोड, दोन टोकांना सारखीच जाडी. घड्याळावर कुणाचा विश्वास नव्हता. मोजमाप तंबाखूचं. मी चिमूट हातावर घेतली की मशीन चालू.

कंपनीची मशीन खोडातून बाहेर आली तोवर तंबाखू मळून, थापटून, दाढेखाली गेली होती.

पुंगळीची सुरू झाली. आवाज असा की समोरच्या गल्लीतली म्हैस दावं तोडून गेली. मी चुन्याची डबी उघडली. वर बघतो तर तुकडा खाली पडलेला!

"अण्णा, चुना तर लावा!" हणमंत हसला.

मालक खूश. तिथून पुढं पुंगळीचीच मशीन बाहेर पडायला लागली. कंपनीची खुंटीला.

*

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो. झाड पडायच्या आधी बोलतं. बुंध्याच्या पोटात बारीक कुर्र वाजतं. ते ऐकलं की मशीन सोडायची आणि ठरलेल्या वाटेनं मागं पळायचं. कंपनीच्या मशीनवर मध्येच हात सैल केला की कुर्र ऐकू यायचं. पुंगळीच्या मशीनवर चालवणाऱ्याला स्वतःचं खोकणं ऐकू येत नव्हतं.

मी हे बोलून दाखवलं. हणमंत म्हणाला, "मग तुमी ऐका की. तुमचा कान हाय न्हवं!"

माझा कान खरंच तसा होता. लांबून झाड सांगायचं आणि मला कळायचं. मला अभिमान होता, नाही म्हणत नाही.

मग आम्ही दोर काढला. एक टोक हणमंताच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. मी लांब मागं उभा राहायचो. झाड बोललं की हिसका. हिसका बसला की हणमंतानं मशीन टाकून पळायचं. विचारायचं नाही, वर बघायचं नाही.

म्हसवडच्या रस्त्याला एक बाभूळ होती. मी हिसका दिला, तो पळाला, आणि तो उभा होता तिथं बाभळीची फांदी अशी उभी रुतली की उपटायला ट्रॅक्टर लावला.

हणमंतानं ते घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं माझ्यासाठी वेगळी भाकरी बांधली. महिनाभर बांधत होती.

*

पुंगळीच्या मशीनचा खोडसाळपणा म्हणजे ती गाठीवर उसळायची. एकदा निलगिरीची फांदी कापताना पट्टीचं टोक गाठीला लागलं. मशीन उलटी हणमंताच्या तोंडाकडं आली. ब्रेक असता तर चेन थांबली असती. ब्रेक सदाच्या पत्र्याच्या डब्यात होता.

हणमंतानं मान मागं टाकली. चेन गळ्याजवळून गेली. सदऱ्याची कॉलर गेली, वरचं बटण गेलं. गळ्याला काही नाही, नुसता एक लाल ओरखडा.

आम्ही तिघं तिथंच खाली बसलो.

मग सदा म्हणाला, "बटन मी लावून देतो."

मी त्याला एक ठेवून दिली. आयुष्यात कामावरच्या माणसावर हात उचललेला तेवढाच. त्यानं गाल चोळला आणि म्हणाला, "ब्रेक बी लावतो."

लावला. दुसऱ्या दिवशी हणमंतानंच काढला. म्हणे, हाताला लागतो!

*

आता माझ्याबद्दल.

म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळात गेलो होतो. सवयीनं घंटेला हात घातला. घंटा हलली, हाताला कंप आला, आणि आवाज जवळजवळ नाहीच. मला वाटलं, आतला लोलक कुणी काढून नेला. वाकून बघितलं. लोलक होता. पुन्हा जोरानं वाजवली. मागं वळून बघतो तर एका बाईनं कडेवरच्या पोराचे कान झाकले होते आणि माझ्याकडं रागानं बघत होती.

देवासमोर उभा राहिलो. काय मागायचं ते सुचेना.

सांगलीला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. घरी सांगितलं, दात दाखवायला चाललोय. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, बारीक आवाज तुमचे गेलेत. इतकी वर्षं इंजिनाशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? कानाला मशीन लावा."

"मशीन पुरे झाली," मी म्हणालो आणि उठलो.

समोरून बोललं की मला ओठांवरून कळायचं. वखारीत कुणाला पत्ता लागला नाही. चार लोकांत मान हलवली की भागतं. पण झाडाला ओठ नसतात.

बारीक कुर्र ऐकायला दोराच्या या टोकाला मी. दुसऱ्या टोकाला हणमंत. आणि मधे त्याच्या बायकोला मी दिलेला शब्द.

*

मग मी एक उपाय काढला. लांब उभं न राहता झाडाच्या मागच्या बाजूला जायचं आणि बुंध्याला तळहात लावायचा. कान गेला तरी हाताला कळेल.

खुंटीवरची कंपनीची मशीन एक दिवस मुद्दाम चालवायला लावली. तळहाताला इंजिनाची बारीक थरथर लागायची, आणि तिच्या खालून झाड तुटायला लागलं की वेगळा झटका यायचा. कळत होतं. मला रडू यायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी पुंगळीची मशीन. तळहात लावला तर सगळं झाडच हिवताप आल्यासारखं हललं. झाड कुठलं आणि इंजिन कुठलं, काही कळेना.

मी मालकासमोर म्हणालो, "हितनं फुडं कंपनीचीच मशीन चालंल."

"का वं, अण्णा?" मालकानं विचारलं.

हणमंत हसला, "अण्णा भ्यालं, दुसरं काय!"

सगळे हसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माणसाला भ्याला म्हटलेलं चालतं, बहिरा म्हटलेलं चालत नाही. मी दोर उचलला आणि गाडीत बसलो.

*

खंडाळ्याकडं रस्ता रुंद करायचा होता. तिथं एक चिंच होती. दोन माणसांच्या कवेत न मावणारी. मालकानं परवानगीचा कागद दाखवला. आम्ही नारळ फोडला, बुंध्यावर पाणी घातलं, पाखरांना जा म्हणालो. सदा रस्त्यावर गाड्या अडवायला गेला. हणमंतानं पलीकडच्या, झाड पाडायच्या अंगाला खाच घेतली आणि मग आमच्या बाजूनं मशीन घातली.

मी दोर धरून उभा. काहीच ऐकू येत नव्हतं. भीतीनं हिसका दिला. हणमंत मशीन टाकून पळत आला. झाड जागेवर.

"बोललं?" त्यानं विचारलं.

"वाटलं."

तो परत गेला. जरा वेळानं मी पुन्हा हिसका दिला. पुन्हा आला. झाड जागेवर.

तिसऱ्या वेळेला त्याचं तोंड लाल झालं होतं. "अण्णा, मला खेळवताय काय? हिसका दिल्याबिगर तुमाला करमत न्हाई व्हय? आता खरंच बोललं तरच वढा!"

आणि परत झाडाखाली गेला.

तेवढ्यात मशीनमधून उडणारा भुसा मला दिसला. मघापर्यंत तांबूस होता. आता काळा, ओला यायला लागला. म्हणजे चिंच आतून पोकळ. पोकळ झाड खाचेच्या बाजूला पडेल याचा भरवसा नसतो. ते फक्त बोलतं, आणि लगेच कुठल्याही अंगाला बसतं.

मी दोर टाकला. चालत झाडाखाली गेलो. बुंध्याला हात लावायचो तेव्हाही चालू मशीनच्या एवढ्या जवळ मी गेलो नव्हतो. हणमंताच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडलो,

"मला ऐकू येत न्हाई!"

त्यानं मान वळवली. "आं?"

"ऐकू येत न्हाई मला! दोन वरसं झाली! तुझ्या बायकोला म्या..."

"काय? काय म्हणताय?"

पुंगळी अशी फाटत होती की माझं मलाच ऐकू येईना. त्याला काय येणार? मी पुन्हा ओरडलो. नरड्याच्या शिरा तटतटल्या. शेवटी हणमंत वैतागला आणि त्यानं मशीन बाहेर ओढून बटण दाबून बंद केली.

त्याचं तोंड माझ्याकडं होतं. मी बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावरचा राग एकदम गेला. सगळं रक्तच उतरलं. कुर्र त्याला ऐकू आलं होतं.

त्यानं माझ्या बंडीला धरलं आणि ओढलं. मी पडलो, त्यानं फरफटत नेलं. पाठीमागून वारा आला, जमीन हलली, तोंडात माती गेली. उठून बघतो तर चिंच खाच सोडून उलटी, आमच्याच बाजूला बसलेली. आम्ही उभे होतो ती जागा दिसतच नव्हती.

सदा रस्त्यावरून ओरडत पळत येत होता. हणमंताच्या एका हातात मशीन होती, तशीच. माझ्या तोंडापुढं तोंड आणून म्हणाला, "आता सांगा. काय सांगत हुता?"

मी कपड्यांवरची माती झटकली.

"काय न्हाई. मशीन बंद कर म्हणत हुतो."

तो वळला आणि गाडीकडं चालायला लागला. मी मागं मागं. चार पावलं गेल्यावर, वळून न बघता, तो काहीतरी बोलला. मला मागून त्याचा जबडा हलताना दिसला.

"व्हय," मी अंदाजानं म्हणालो.

हणमंत थांबला. त्यानं मशीन खाली ठेवली आणि ओठ दिसतील असं माझ्याकडं तोंड केलं.