मागं न जाणारे रणवरे सर

सदाशिव रणवरे सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथात इतर मंडळी त्यांच्या संगीतसाधनेवर लिहितीलच. माझ्या लेखात मात्र एक बेडूक येणार आहे. संपादक समितीनं तो कापू नये, अशी आधीच विनंती करून ठेवते.

सरांची आणि माझी पहिली भेट बारामतीत, त्यांच्या घरच्या पुढच्या खोलीत झाली. मी भिगवणची. वडिलांचा मासळीचा धंदा. शाळेत हार्मोनियम वाजवायचे, ऐकलेलं गाणं लगेच बोटांत यायचं, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. खोलीत जुना पियानो होता. सरांनी तो दौंडच्या रेल्वे कॉलनीतून, त्यांना शिकवणाऱ्या बाईंकडून, उसाच्या ट्रॉलीत, गोधड्यांत गुंडाळून आणला होता. सरांनी समोर नोटेशनचा कागद ठेवला आणि वाजवायला सांगितलं. मी म्हटलं, "एकदा वाजवून दाखवा ना सर." त्यांनी वाजवलं. मी कागदाकडं ढुंकूनही न बघता तेच वाजवलं आणि कौतुकाची वाट बघत बसले.

"कान झकास हाय," सर म्हणाले. "डोळं घरी ठिवून आलीस व्हय?"

सर मूळचे डाळजचे. शाळेत भूगोल शिकवताना ते अगदी पुस्तकातलं बोलत, पण पियानोपाशी बसले की गावची भाषा बाहेर येई. मला ते फार आवडायचं. रागावले तरी घरच्यासारखे वाटत.

आमच्या भागात गाणं कानानंच शिकतात. त्यात काही वाईट नाही. पण त्यासोबत एक खोड येते: चुकलं की "पहिल्यापासून घेते" म्हणायचं. भजनाच्या सरावात सगळेच तसं करतात. या खोडीनं माझा घात केला. इंदापूरजवळच्या एका निवासी शाळेत पियानो शिकवायला शिक्षिका हवी होती. मुलाखतीत त्यांनी मी कधी न पाहिलेलं नोटेशनचं एक पान समोर ठेवलं. मी चुकले, पहिल्यापासून घेतलं. पुन्हा चुकले, पुन्हा पहिल्यापासून. पहिली ओळ काही संपेना. शाळेच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीनंतर परत या. तोवर जागा भरत नाही. पण वाचता आलं पाहिजे."

मला ती नोकरी हवी होती. अगदी जीव टाकून हवी होती. घरी वडील समजुतीच्या सुरात म्हणाले, "न्हाय जमलं तर न्हाय. हितं बोटांना काम काय कमी हाय?" समोर मासळीच्या पाट्या होत्या. ते प्रेमानंच बोलले, म्हणून तर मला जास्त रडू आलं.

त्याच सुमारास सरांच्या मुलीनं त्यांच्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला होता. त्याला वाजवायचा कीबोर्ड वायरनं जोडायचा. पडद्यावरच्या पाच रेघांवरून नोट्स सरकत येतात. काठापर्यंत पोचण्याआधी बरोबर पट्टी दाबली तर टोपी घातलेला बेडूक पुढच्या दगडावर उडी मारतो. चुकलं की तो पाण्यात पडतो, डुबुक. पण खेळ थांबत नाही. पुढची नोट आलेलीच असते.

सरांचा या प्रकाराला कडक विरोध होता. "खेळ खेळून कुणी वाचाय शिकतं व्हय?" असं ते मुलीला सुनावत. पण माझी मुलाखतीतली गत ऐकल्यावर त्यांचा विरोध मावळला. पुढच्या तासाला त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर तो खेळ लावला आणि आधी स्वतः बसले. आयुष्यभर नोटेशन वाचलेला माणूस! पण नोट्स सरकत्या, चष्मा दुहेरी काचेचा, आणि सरांना सवय स्वतःच्या लयीची. डुबुक, डुबुक, डुबुक. पोरं पोट धरून हसली. सरांनी हसू दिलं. उठून मला म्हणाले, "बस आता. माझ्यापरीस वाईट काय हुणार हाय?"

पुढं कित्येक वर्षांनी मी त्यांना विचारलं, "सर, मला धीर यावा म्हणून मुद्दाम हरलात ना?" सर खवळले. "मुद्दाम? दोन दिस जेवान गोड लागलं न्हाय मला!" सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणाल्या, "खरं हाय गं. भाकरीवर राग काढला." माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला. शिष्यांसमोर हरण्याचं नाटक करणं फारसं अवघड नसावं. सर खरे हरले होते आणि तरी उठून गेले नव्हते.

मी रोज दुपारच्या एसटीनं बारामतीला जाऊन बेडूक बुडवू लागले. एकदा वडील बाजारात मासळी पोचवून मला न्यायला आले. बराच वेळ पडद्याकडं बघत उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "सर, ह्या बेडकाला पवता येत न्हाय व्हय?" सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

हळूहळू बेडूक कोरडा राहू लागला आणि मी हुरळले. सर हुरळले नाहीत. म्हणाले, "बेडूक पार झाला, गाणं कुठं झालं?" खेळात नोट्स सुट्या येतात, वाक्य तयार होत नाही. शिवाय लय यंत्र सांभाळतं. म्हणून थोडा वेळ खेळ झाला की ते कॉम्प्युटर बंद करत आणि खरं पान लावत. मग कपाटातली एक जाडजूड लग्नपत्रिका काढत. मी वाजवत असेन तेवढा भाग ते पत्रिकेनं झाकत जात. बोटं वाजवत असलेली नोट डोळ्यांना दिसायचीच नाही. डोळ्यांना पुढं पळण्यावाचून गत्यंतर नसे. मी अडखळले की पायानं ठेका धरत ते म्हणत, "थांबायचं न्हाय. मागं जायाचं न्हाय. पुढं बघ." पत्रिका कोणाच्या लग्नाची होती ते कधी कळलं नाही, पण त्या जोडप्याची मी ऋणी आहे.

सुट्टीनंतर पुन्हा इंदापूर. नवं पान. तिसऱ्या ओळीत डावा हात घसरला. मागं जायला बोटं शिवशिवली. तेवढ्यात मनात डुबुक वाजलं आणि पुढची नोट दिसली. मी पान संपवलं. नोकरी मिळाली. बाहेर येऊन सरांना फोन केला, तर त्यांनी नोकरीचं विचारलंच नाही.

"थांबलीस का?"

"नाही सर."

"मग झालं," सर म्हणाले.

आज मी त्याच शाळेत शिकवते. माझ्याही वर्गात बेडूक आहे आणि लग्नपत्रिकाही आहे. सरांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. हल्ली ते म्हणतात, "आता जुनंच वाजवत बसायचं." हे वाक्य मला मुळीच आवडलेलं नाही. म्हणून सत्कारात शाल-श्रीफळ दिल्यावर मी त्यांच्यापुढं एक पान ठेवणार आहे. मी स्वतः लिहिलंय, मोठ्या ठसठशीत नोटांत. ते इथं छापायला दिलं नाही, कारण मग सरांनी आधीच वाचून ठेवलं असतं. वडील पहिल्या रांगेत बसणार आहेत. बेडकाची खुशाली विचारायची म्हणतात.

सर, पानाच्या तिसऱ्या ओळीत मी मुद्दाम एक अवघड जागा ठेवली आहे. कदाचित चुकाल. सभागृह हसलं तर हसू द्या. आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, एवढंच मागणं आहे, आणि ते मागताना माझ्याकडं आपलेच शब्द आहेत. थांबायचं न्हाय, सर. मागं जायाचं न्हाय. पुढं बघा.