नानांनी लावलेला टॅग

आधीच सांगते, मी भुताखेतांच्या या ग्रुपवर वाचायला येते, मानायला नाही. कुणाचं दार आपोआप उघडलं की मी मनातल्या मनात बिजागरी बदलते. कुणाचा दिवा लुकलुकला की म्हणते, न्यूट्रलची वायर सैल असेल. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्समध्ये सव्वीस वर्षं काढली... तेव्हा माझ्या लेखी प्रत्येक बिघाडाला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर शोधणारा आळशी. नवीन पोरापोरींना मी हे ठणकावून सांगतही असते. म्हणूनच खालचा प्रकार लिहायला मला आठ महिने लागले.

दुसरी गोष्ट, मला जुने विजेवर चालणारे खेळण्यातले ट्रक जमवायचा नाद आहे. हसा खुशाल, घरचेही हसतात. नुसता ट्रक नाही, अख्खा सेट लागतो मला — प्लॅस्टिकच्या रस्त्याचे तुकडे, त्यात बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, त्या पट्ट्यांतून करंट घेऊन पळणारा ट्रक, आणि त्याच्यासोबतचा सगळा सरंजाम. खडी ओतणारा हॉपर, माल उतरवायचा चढ, पेट्रोल पंप, नखाएवढी पिंपं. लहानपणी भावाला ट्रक मिळाला आणि मला भातुकली. त्याने आठ दिवसांत ट्रक मोडला, मी तो खोलून दुरुस्त केला, आणि दुरुस्त झालेला ट्रक परत त्यालाच दिला गेला. तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटमधली एक अख्खी भिंत आता ट्रकांची आहे. माझा नवरा मिलिंद शाळेत गणित शिकवतो. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "हिचं माहेर ट्रान्सपोर्टनगरातलं."

मागच्या दिवाळीनंतर जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर फोटो दिसला — जपानी ट्रक सेट, सगळ्या सामानासकट, रहाटणी. फोटो टाकणारीचं नाव वैशाली. रविवारी सकाळी जाऊन धडकले.

घर जुनं, दोन खोल्यांचं, पुढे तुळस. वैशाली मारुंजीला राहते, आयटीत आहे. रहाटणीच्या घरात तिची आई, हिराकाकू, एकटीच. वडिलांना सगळे नाना म्हणायचे. ते टूलरूममध्ये फिटर होते. कंपनीने एकदा ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं, तेव्हा येताना लेकीसाठी हा सेट आणला होता. लेकीसाठी! तेवढ्यावरच मला नाना आवडले. तेव्हा त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

सेट बघून माझे हात शिवशिवायला लागले. निळा सहाचाकी डंपर, पिवळ्या गोळ्यांची खडी, हॉपरची झडपसुद्धा शाबूत. डंपरचा फक्त एक बारका आरसा मोडलेला. आणि ट्रान्सफॉर्मरच्या बटणाला दोरीने बांधलेला एक लाल काठाचा टॅग. 'काम चालू आहे. चालू करू नये.' खाली नाव, तारीख, सही... नानांची.

ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीनवर काम करणारा माणूस त्याच्या मेन स्विचला स्वतःच्या नावाचा टॅग लावतो, म्हणजे त्याचे हात आत असताना दुसरं कुणी बटण दाबू नये. ज्याने टॅग लावला त्यानेच काढायचा. मॅनेजरनेही हात लावायचा नाही. या एका नियमावर कितीतरी लोक दहा बोटांनिशी घरी जातात.

"घरीपण टॅग?" मी हसून विचारलं.

"मिक्सर बिगडला तरी लावायचे," काकू म्हणाल्या. "मी मधीच बटन दाबीन म्हनून. ह्यो ट्रक नातीसाठी काढला हुता दुरुस्तीला. खोलून बसले आन् छातीत कळ आली. रिक्षात बसताना म्हनले, कुनी हात लावू नका, आलो की करतो."

वैशालीने मान खाली घातली. काकू तशाच शांत आवाजात पुढे म्हणाल्या, "न्या तुमी. पर चालला म्हंजी मला सांगा. त्यांचं हातातलं काम हाय ते. ते झालं की मी हिच्याकडं मारुंजीला जाईन ऱ्हायला."

बाहेर आल्यावर वैशाली म्हणाली, "ताई, प्लीज लवकर करा. दीड वर्ष मी आईला न्यायचा प्रयत्न करतेय. दर वेळी नवीन कारण. पण या वेळी तिने स्वतः शब्द दिलाय."

घरी आले, कटरने दोरी कापली आणि टॅग टेबलाच्या खणात टाकला. कंपनीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. पण हे खेळणं होतं, आणि टॅग लावणारा माणूस... असो. विचारच केला नाही.

नानांचं काम मोटरच्या ब्रशपाशी, म्हणजे तिला करंट पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपाशी, अडलं होतं. झिजलेले ब्रश बदलले, पट्ट्या घासून लख्ख केल्या. जपानी ट्रान्सफॉर्मर शंभर व्होल्टचा, म्हणून आपली दोनशे तीस व्होल्टची वीज शंभरवर आणायला त्यांनी स्वतः वाइंडिंग करून एक वेगळा स्टेपडाउन बनवला होता. त्याचं काम इतकं देखणं की मी खरंच हात जोडले. अडीच तासांत सगळं तयार. रस्ता जोडला, ट्रक ठेवला, बटण दाबलं.

ट्रक ढिम्म.

पट्ट्यांवर मीटर लावला, व्होल्टेज बरोबर. ट्रक हातात धरून वायर जोडल्या, चाकं गरागरा फिरली. रस्त्यावर ठेवला की मेला. माझ्याकडे त्याच बनावटीचा दुसरा सेट आहे. नानांचा ट्रक त्या रस्त्यावर ठेवला तर सुसाट. माझा ट्रक नानांच्या रस्त्यावर ठेवला तर तोही सुसाट. म्हणजे ट्रक चांगला, रस्ता चांगला. फक्त नानांचा ट्रक नानांच्या रस्त्यावर चालत नव्हता. ट्रान्सफॉर्मर बदलून बघितला. वजन कमी करून बघितलं. मिलिंदला टॉर्च धरायला बसवून रस्त्याचा एकेक सांधा तपासला. तीन आठवडे! तो बिचारा म्हणाला, "अगं, दोन बरोबर समीकरणांचं उत्तर चुकतंय, मी तरी काय करू?" मी त्याच्यावर खेकसले.

मग वैशालीचा फोन आला. काकू मोरीत पाय घसरून पडल्या होत्या. तासभर तिथेच पडून होत्या, शेजारणीने हाक ऐकली म्हणून बरं. हाड मोडलं नाही, थोडक्यात निभावलं. "आता तरी चल म्हटलं, तर म्हणते ट्रक झाला का? ताई, पुढच्या वेळी शेजारीण घरी नसली तर?"

त्या दिवशी मी एक लबाडी केली. माझा निळा ट्रक नानांच्या रस्त्यावर चालवला, व्हिडिओ काढला आणि वैशालीला पाठवून दिला. भल्यासाठीच ना, म्हटलं. दहा मिनिटांत काकूंचाच फोन.

"ह्यो आमचा न्हवं," त्या म्हणाल्या. "आमच्याचा आरसा मोडल्याला हाय."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या एवढंच म्हणाल्या, "सावकाश करा. मला घाई न्हाई." इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली असेल.

मिलिंदला सगळं सांगितलं. तो खणात काहीतरी शोधत होता, त्याच्या हाताला टॅग लागला. "हा तू काढलास? दुसऱ्याचा टॅग? तुमच्याकडे यावर मेमो देतात ना?" तो थट्टाच करत होता. मला मात्र हसू आलं नाही. मानत वगैरे काही नव्हते, पण चूक ती चूकच. रविवारी सगळा सेट गाडीत घातला, टॅग पर्समध्ये ठेवला आणि रहाटणीला गेले.

काकूंच्या पुढच्या खोलीत, भर दुपारी, रस्ता मांडला. वैशालीही होती. सुरुवातीलाच सांगून टाकलं की चालत नाही, आणि व्हिडिओबद्दल माफी मागितली. तिघींच्या देखत तीनदा बटण दाबलं. ट्रक ढिम्म. (खड्ड्यांतून नेल्यामुळे एखादा सुटलेला सोल्डरचा टाका जुळला असेल, असं लिहायला ज्यांची बोटं वळवळताहेत, त्यांनी ही ओळ परत वाचावी.)

काकूंनी विचारलं, "टॅग कुटंय?"

मी पर्समधून काढून दिला. "मी कापला, काकू. विचारायला हवं होतं."

"कुनाला इचारनार हुता?" त्या म्हणाल्या. टॅगवरच्या सहीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "मंग तुमच्यात टॅग लावनारा घरी गेला आन् काडायचा राह्यला, तर काय करत्यात?"

हा माझा रोजचा विषय. दरवर्षी मीच शिकवते. मी घडाघडा सुरू झाले — आधी सगळ्या कारखान्यात माणसाला शोधायचं, मग त्याच्या घरी फोन लावायचा, तो घरी पोचल्याची घरच्यांकडून खात्री करायची, आणि मग टॅगच्या मागे लिहायचं: 'सदर व्यक्ती आवारात नाही व या कामावर परत येणार नाही, याची खात्री केली आहे.' दोन सह्या. मग टॅग निघतो.

वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं मी कुणासमोर काय बोलले.

वैशाली पटकन म्हणाली, "आई, राहू दे."

काकूंनी टॅग उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. मग म्हणाल्या, "म्हंजी मी लिवायचं? की हे आता येनार न्हाईत?"

"नाही काकू, ते कंपनीचं झालं. आपल्याला काही—"

"दहाव्याला कावळा लगीच शिवला बगा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे नाही, त्या ट्रकाकडे बघून. "भटजी म्हनले, मानूस सुटला, काय राह्यलं न्हाई त्याचं. त्यांचं न्हाईच राह्यलं काय. राह्यलं ते माझंच." मग वैशालीला म्हणाल्या, "पेन दे."

काकू चौथी शिकलेल्या. मी सांगत गेले आणि त्या एकेक अक्षर कोरत गेल्या. 'आवारात नाही' लिहिलं. 'परत' लिहिलं आणि पेन थांबलं. वैशालीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुढचे दोन शब्द त्यांनी न विचारता लिहिले. खाली सही केली, दुसरी सही माझी. मी रडत होते हे सांगायला मला काही लाज वाटत नाही.

"दाबू बटन?" त्यांनी विचारलं. दीड वर्षात, खरं तर आयुष्यात पहिल्यांदा, नानांनी टॅग लावलेल्या वस्तूचं बटण त्यांनी दाबलं.

ट्रक निघाला.

थोडा घुरघुरला आणि निघालाच. वळण घेतलं, हॉपरखाली गेला, झडप उघडून पिवळी खडी आत पडली, चढावर जाऊन डंपरचा हौदा उलटा झाला आणि पुन्हा खाली. वैशाली तोंडावर हात दाबून बघत होती. मी... मी मीटर शोधत होते. सवय. पट्ट्यांवरचं व्होल्टेज तेच होतं, जे तीन आठवडे होतं, काट्याचाही फरक नाही.

काकू मात्र ट्रककडे बघत नव्हत्या. त्या उघड्या दाराकडे बघत होत्या. ट्रकच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या, तरी त्यांची नजर तिथेच. मग त्यांनी हात पुढे करून बटण बंद केलं.

"मला वाटायचं, ह्यो चालला की आवाज ऐकून येतील," त्या म्हणाल्या. "म्हनून तर चालू झाला का, चालू झाला का करत हुते. न्हाई आले." पदराने चेहरा पुसला आणि उठल्या. "वैशे, सैपाकघरातल्या फळीपासून सुरुवात कर. डबे समदे न्यायचे न्हाईत."

त्या गुरुवारी काकू मारुंजीला गेल्या. टॅग त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला. सेट माझ्याकडे आहे आणि रोज चालतो. मी तो पुन्हा पूर्ण खोलून तपासलाय, दोनदा. बॅचच्या दोन मैत्रिणींना दाखवला, एक तर मोटर डिझाइनमध्येच आहे. तिने तासभर डोकं घातलं आणि चहा पिऊन गेली. योगायोग म्हणा, सुटा कण म्हणा, ओलावा म्हणा. मी हे सगळं स्वतःला म्हणून झालंय.

त्या दुपारी सेट डिकीत ठेवून निघताना काकू फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पर काय बिगडलं हुतं त्याचं?"

"काहीच नाही, काकू."

"मंग इतके दिवस?"

मी डिकीचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि डबे आवरायला आत गेल्या.