सुभाषरावांमधली खोट

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल. माझ्या साडूंच्या तेराव्याला, त्यांच्या आकुर्डीच्या घरात, त्यांच्या फोटोसमोर मांडी घालून बसलेलो असताना मला बरं वाटलं होतं. दुःख नव्हतं असं नाही. पण त्या दुःखाच्या तळाशी काहीतरी गार, सुखाचं होतं, आणि ते काय आहे हे मला त्याच वेळी नीट कळलेलं होतं...

सुभाषराव म्हणजे माझ्या बायकोच्या, मंगलच्या, थोरल्या बहिणीचे, सुलभाताईंचे, यजमान. ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणजवळ महाळुंग्याला कंपनीत होतो. फर्स्ट शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती. "अहो, दाजी गेले..." एवढंच मंगलला बोलता आलं. रोज उजाडायच्या आत फिरायला निघणारा माणूस उठला नाही म्हणून सुलभाताई हलवायला गेल्या, तर अंग गार पडलेलं. झोपेतच हृदय थांबलं होतं. मी गेटपास घेत होतो तेव्हा शेजारच्या टेबलावरचा शेळके म्हणाला, "ते रोज टेकडी चढणारे साडू का तुमचे? बघा राव! एवढं जपून काय उपयोग झाला?" मी त्याला झापायला हवं होतं. झापलं नाही, कारण फोन ठेवल्या ठेवल्या तोच प्रश्न माझ्या मनात येऊन गेला होता.

एका घरचे दोन जावई म्हणजे काय असतं ते ज्यांना साडू आहेत त्यांना सांगायला नको. दिवाळीच्या पाटावर शेजारी शेजारी बसायचं आणि आपल्या ताटातली करंजी लहान आहे का ते बघायचं. सुभाषराव एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, तिथूनच निवृत्त झाले. मशीन कुरकुरायच्या आधी तेल घालणारा तोच खरा मेंटेनन्सवाला, बंद पडल्यावर धावणारा नुसता हमाल, असं ते म्हणायचे. हाच नियम त्यांनी आमच्या सगळ्या गोतावळ्याला लावला होता. मेव्हण्याची तंबाखू त्यांनी सोडवली. प्रेस शॉपच्या दणदणाटात काम करणाऱ्या पुतण्याला कानात बोळे घालायची सवय लावली, आणि आपल्याला कमी ऐकू येतंय हे त्याला कळायच्या आधी त्याचे कान तपासून आणले. आणि मंगल... आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना चढताना मंगल मधल्या वळणावर भिंतीला हात लावून थांबते हे सुभाषरावांनी एकदा आमच्याकडे येताना पाहिलं. दुसऱ्याच दिवशी सुलभाताई तिला रक्त तपासायला घेऊन गेल्या. रक्त फारच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या, त्यावर लिंबू, जेवणावर लगेच चहा नाही, हे सगळं सुरू झालं, आणि सहा महिन्यांत मंगल गाणी गुणगुणत जिना चढायला लागली. मी त्याच जिन्यावरून रोज तिच्या मागून चढत होतो. माझ्या बायकोची दमछाक साडूंना दिसली, मला दिसली नाही. याबद्दल मी त्यांचे आभार मानले. मनातून मात्र मी ते त्यांना कधी माफ केलं नाही.

मी क्वालिटीत आहे. दुसऱ्यानं केलेल्या मालातली खोट काढणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. सुभाषरावांमध्येही मी वर्षानुवर्षं खोट शोधत होतो. घरात कशावरून काही निघालं की मंगल म्हणणार, "दाजी म्हणतात..." मी म्हणायचो, "मग दाजींनाच विचार!" ती हसायची. तिला ती थट्टा वाटायची.

सासूबाईंचा किस्सा सांगायलाच हवा. त्या खेडकडच्या. त्यांची साखर तपासायची म्हणून डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी बोलावलं होतं. रिपोर्ट आला तो असा की डॉक्टरच घाबरले. चौकशी केली तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "उपाशीच गेले व्हते की. गुरवार व्हता, उपासच व्हता माझा. वाईच साबुदाण्याची खिचडी खाल्ली, आन् कपभर चा." मला हसू आवरेना. "डॉक्टरांना पण वाटीभर न्यायची होती आई, वर शेंगदाण्याची आमटी घालून!" असं मी म्हणालो. सगळे हसले. सासूबाईंचा चेहरा मात्र पडला. सुभाषराव हसले नव्हते. ते म्हणाले, "चूक डॉक्टरची आहे. उपाशीपोटी या म्हटलं की आपल्याकडे निम्म्या घरांत साबुदाणा भिजत पडणार. आई, हा खिचडीचा उपास नाही, निरंकार उपास. पाणी तेवढं चालतं." सासूबाईंना ते एका झटक्यात पटलं. "मंग तसं सांगायचं व्हतं की, जावईबापू!" त्या दिवसापासून सासूबाईंनी तपासणीला दुसऱ्या कुणाबरोबर पाऊल टाकलं नाही. 'जावईबापू' म्हटलं की त्या घरात एकच जावई समजला जायचा... आणि तो मी नव्हतो.

आता माझ्या दुखण्याचं सांगतो. कंपनीत दरवर्षी तपासणी व्हायची. एका वर्षी तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की साखर वाढलेली आहे, बाहेर दाखवा. मी दाखवलं नाही. आमच्या घराण्यात कुणाला साखर नाही, हे मी सासुरवाडीत चार वेळा छाती काढून सांगितलेलं. आता गेलो असतो तर आधी मंगलला कळलं असतं, मग तासाभरात तिच्या माहेराला, आणि मी सुभाषरावांच्या हाती लागलो असतो... म्हणून मी वर्ष घालवलं. तहान लागायची, रात्री उठावं लागायचं, सेफ्टी शूजनं घोट्याला पडलेली जखम भरत नव्हती. मी वरून जाड मोजे घालत राहिलो.

भाचीच्या साखरपुड्यात सुभाषराव माझ्या शेजारी बसले होते. मी सारखं पाणी मागतोय आणि एक पाय जपून टाकतोय, हे त्यांनी तिथेच हेरलं असणार. नंतरच्या, चाकणच्या बाजारच्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर बाहेर आलो, तर समोरच्या टपरीच्या बाकड्यावर ते बसलेले. स्कूटर बाजूला लावलेली.

"इकडे कुठे तुम्ही?"

"बसा साडूभाऊ. बोट द्या."

"काय?"

"बोट द्या हो, अंगठी नाही घालत." खिशातून त्यांनी साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं. "आणि चहा नंतर. आधी रक्त, मग चहा."

टपरीवाला बघत होता. मी चिडून हात पुढे केला. यंत्रावर आकडा आला तो बघून सुभाषरावांनी मान खाली घातली. त्यांनी उपदेश केला असता तर मी उठून गेलो असतो. "पाय दाखवा," एवढंच म्हणाले. मी मोजा काढला. रस्त्याकडेला, कंपनीच्या बसमधून चाललेल्या माझ्या माणसांदेखत, त्यांनी माझा पाय उचलून मांडीवर घेतला आणि जखम पाहिली. "हा पाय आपल्याला ठेवायचा आहे," ते म्हणाले. "चला." आणि मला मागे बसवून चाकणच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले.

तिथून निघताना मी त्यांना गळ घातली, की हे मंगलला कळता कामा नये. ते कळवळून म्हणाले, "अहो, घरच्या माणसाशिवाय पथ्य होत नाही. आणि मला खोटं जमत नाही, तुम्हाला माहीत आहे." पण मी हट्ट सोडला नाही. शेवटी त्यांनी मान्य केलं ते एका अटीवर, की दिवाळीपर्यंत मी स्वतः मंगलला सांगायचं. दिवाळी गेली, संक्रांत आली. मी आज-उद्या करत राहिलो आणि ते बाजारच्या दिवशी येत राहिले. बोट टोचायचे, डबा उघडून बघायचे, भात जास्त दिसला की माझ्याच चमच्यानं अर्धा काढून स्वतः खायचे. एकदा म्हणाले, "आज तुमचं पथ्य मी पाळलं बघा." मलाही हसू आलं होतं. घोट्याची जखम भरली. साखर आटोक्यात आली. आणि त्या प्रत्येक भेटीनंतर मला त्यांचा अधिक राग यायचा, कारण माझा पाय शाबूत होता तो त्यांच्यामुळे.

चाकणला का जाता, असं घरी विचारलं की ते सांगायचे, कांदे आणायला. तिथला बाजार कांद्याचा म्हणून त्यांना एवढंच सुचलं. खोटं खरं दिसावं म्हणून दर वेळी पिशवीभर कांदे घेऊनही जायचे. दोन माणसांचं घर! कांद्यांना कोंब फुटायचे, इमारतीत वाटले जायचे.

तेराव्याला पंगत उठल्यावर सुलभाताई मंगलपाशी बसल्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. ताई दबक्या आवाजात सांगत होत्या, "मंगल, इमारतीतल्या कुणीतरी मला सांगितलं, काका बाजारात नसतात, महाळुंग्याच्या रस्त्याला कुठेतरी बसलेले दिसतात म्हणून. मी यांना विचारलं. तर म्हणाले, कांदे आणायला जातो. माझ्याकडे न बघता म्हणाले गं... इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलले. मी बोलणंच टाकलं. दोन दिवस मी नुसतं ताट वाढून ठेवत होते. आणि तिसऱ्या दिवशी..." त्यांना पुढे बोलवेना. मग त्या माझ्याकडे वळल्या. "प्रकाशराव, तुमची कंपनी तिकडेच ना हो? तुम्हाला कधी दिसले का? कुणाकडे जात होते?"

मी मान हलवली. हो की नाही, हे कुणालाच कळणार नाही अशी. आणि तेव्हा मला बरं वाटलं. सुभाषरावांमध्ये खोट निघाली होती. त्यांच्याच घरात, त्यांच्याच बायकोच्या तोंडून. ती खोट माझी होती, मीच त्यांच्या गळ्यात घातलेली होती, हे मला ठाऊक होतं... तरी बरं वाटलं. घरी येताना मंगल म्हणाली, "दाजींचं असं काही असेल असं वाटलं नव्हतं." मी गाडी चालवत होतो. ते वाक्य मी ऐकून घेतलं, खोडलं नाही.

पण बाजारचा पुढचा दिवस आला. टपरीचं बाकडं मोकळं होतं. टपरीवाल्यानं विचारलं, "काका न्हाई आलं? का ओ, बरं न्हाई का त्यांना?" मी त्याला काय झालं ते सांगितलं. तो तोंडावर हात ठेवून उभाच राहिला. त्याला खरं दुःख झालं होतं. मी तसाच घरी आलो आणि मंगलला समोर बसवून सगळं सांगितलं.

 मग तिनं विचारलं, "म्हणजे दाजींना सगळं माहीत होतं?" मी हो म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं मनात ठेवून गेले हो ते..." दुखणं माझं, आणि डोळ्यांतलं पाणी दाजींसाठी. तेव्हासुद्धा मला हेवा वाटला. गेलेल्या माणसाचा! मग तिनं पदरानं डोळे पुसले. "ताईला तुम्ही सांगायचं. आजच. माझ्या तोंडून नाही."

मी गेलो. ताई ऐकत होत्या. माझं सांगून संपलं तेव्हा त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "मी जेवायला सुद्धा हाक नाही मारली हो त्यांना..." आणि ढसाढसा रडल्या. मग उठून चहा केला, मला न विचारता बिनसाखरेचा. कप हातात देताना त्यांनी साधेपणानं विचारलं, "मग तेराव्याला का नाही बोललात?"

"लाज वाटली," मी म्हणालो.

"असू द्या," ताई म्हणाल्या. "दुखणं सांगायला माणूस लाजतोच."

सुभाषरावांचं यंत्र ताईंनी मला दिलं आहे. बोट आता मीच टोचतो, मंगलसमोर, पेराच्या कडेला. मधोमध टोचलं की दिवसभर दुखतं, हे त्यांनी शिकवलेलं. आकडा चांगला आला की अजूनही आधी त्यांनाच सांगावंसं वाटतं, आणि लगेच त्याचाही थोडा राग येतो. हा माझा स्वभाव एवढ्यात सुटेल असं दिसत नाही. पण ताईंनी मला माफ केलं ते लाजेसाठी. मी गप्प बसलो होतो तो लाजेनं नाही, हेव्यानं. हे उत्तर मी त्यांना अजून दिलेलं नाही. हे छापून येण्याआधी आकुर्डीला जाऊन, त्यांच्या समोर बसून, मला ते द्यायचं आहे. एवढं मी अजून देणं लागतो.